न वाचता ठोकलेली सही

आमच्या ह्यांना, गहिनीनाथला, गावात "पुरावा" म्हनतात. डेअरीत फॅट मोजता मोजता मानसाला पुराव्याचं येडच लागलं. अमावास्येला मुद्दाम दाढी करतील, मांजर आडवं गेलं तर थांबून त्याच्याशी बोलतील. अन् ह्यांचे गुरू कोन, तर पुण्याचे आप्पाराव सर. सरांची पुस्तकं उशाला. "सत्यभामा, सर काय म्हनतात? तपासल्याबिगर हो म्हनू नका!"

मी म्हनायचे, "मंग लग्नाला कसं हो म्हनलात?"

त्या साली दुष्काळानं जनावरं छावनीला गेली. दूध संस्थेनं बोर घ्यायचं ठरवलं. जागा कोन दाखवनार? चेअरमन सुंदरराव म्हनले, तळहातावर नारळ ठेवून पानी सांगनारा. हे म्हनले, भूजलवाल्यांचा सर्वे करा. लई भांडान झालं. शेवटी सुंदरराव हसून म्हनले, "गहिनीनाथ, तुमच्या सरांची सही आना. सर म्हनतील तसं करू."

बीडला अंधश्रद्धेच्या विरोधातली परिषद होती, सर येनार होते. हे आठ दिवस झोपले न्हाईत. सदऱ्याला दोनदा इस्त्री. खिशात दोन कागद घेतले. एक ह्यांचा, सर्वे करावा म्हनून. दुसरा चेअरमनचा ठराव, नारळवाला बोलवावा म्हनून, तो सरांना नुसता दाखवायला. मीबी गेलते, ह्यांचा देव बघायला.

काय ते उद्घाटन! दिवा लावायचा न्हाई, म्हनून रोपाला पानी घातलं. आमाला टँकर आठव्या दिवशी, अन् हितं सात पाहुन्यांनी एका कुंडीत सात तांबे वतले. कुंडी वाहून स्टेज वलं झालं, तरी टाळ्या. मंग सरांचा सत्कार, शाल अन् नारळ. नारळ! मी ह्यांच्याकडं बघितलं, तर ह्यांचे डोळे आनंदानं भरलेले.

भाषान झाल्यावर सरांच्या पाया पडायला रांग लागली. विवेकवाल्यांची रांग, बरं का! ह्यांचा नंबर आला. गडबडीत खिशातला कागद पुढं केला. सरांनी फोटोवाल्याकडं बघून हसत "सहमत" लिहिलं, सही ठोकली, अन् पुढच्याकडं वळले.

एसटीत ह्यांनी कागद उघडला अन् तोंडच उतरलं. घाईत चेअरमनचा ठराव पुढं गेलता.

"सरांनी वाचलंच न्हाई गं."

"फाडा अन् द्या खिडकीतून फेकून. सही मिळाली न्हाई म्हना."

"कावून? सही तर खरी हाय."

वाटलं, कपाळ बडवून घ्यावं. ह्या मानसानं बैठकीत उभं राहून सगळं सांगितलं. कागद चुकला, सरांनी वाचला न्हाई, ही सही धरू नका. ऐकतो कोन? सुंदररावांनी कागद वरच्यावर झेलला. नारळवाला आला, त्यानं दावलेल्या जागी बोर चारशे फूट गेला, अन् वर आला नुसता फुफाटा.

सुंदररावांना कुनी चकार शब्द बोललं न्हाई. "आमी काय करनार? एवढ्या मोठ्या सरांची सही होती," म्हनून ते मोकळे. आता दूध घालायला आलेली साखराबाईबी ह्यांना तोंडावर म्हनते, "काय भावजी, तुमच्या विज्ञानानं आमचा बोर कोरडा घालवला की!"