कोरडे तांदूळ

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, प्राचीन काळातले कडक कायदे न्याय्य होते का?" शाळेच्या वादविवादात तुम्हाला 'होते' या बाजूने बोलायचं आहे. मी "विचार करून सांगते" म्हटलं, कारण एक तपास डोळ्यांसमोर उभा राहिला. नोकरीतले कितीतरी गुन्हे विसरले, हा नाही.

तेव्हा मी प्रवरेकाठच्या एका पोलीस ठाण्याची प्रमुख होते. सकाळची हजेरी चालू असताना एका गावची अंगणवाडी सेविका आली.

"मॅडम, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेलाय. पंचांनी देऊळ झाडणाऱ्या बाईला तांदूळ चावायला लावले. कोरडे निघाले. सोमवारच्या आत लेकीला घेऊन गाव सोड म्हणालेत."

ठाण्यात चोरीची तक्रारच नव्हती. गावाने परस्पर न्याय केला होता. ही फार जुनी परीक्षा आहे. संशयिताने तांदूळ चावून पानावर थुंकायचे. ओले निघाले तर सुटका, कोरडे निघाले तर चोर.

बाईला बोलावलं. आल्याआल्या ती दोन ग्लास पाणी प्यायली.

"पंचांम्होरं थुंकीच सुटंना, मॅडम. लई भ्याले. पोरीची बारावी हाय, मी कुठं जाऊ?"

मग पंचांचे प्रमुख आले. ऐंशीच्या घरातले, पांढरा फेटा, सगळा गाव त्यांना तात्या म्हणायचा.

"बाईसाहेब, म्होरल्या काळात उकळत्या तेलात हात घालायला लावायचे. आमी नुसता तांदूळ दिला. तुमच्या कोर्टात धा वर्सं लागत्यात, आमी एका बैठकीत मिटवलं."

माणूस दुष्ट नव्हता. कोर्टाबद्दलचं त्यांचं बोलणंही खोटं नव्हतं. गावाबाहेर काढणं, वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, अटक होऊ शकते, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. मग मी ठाण्याच्या मेसमधून मूठभर तांदूळ मागवले. हे कोणत्याही नियमात बसत नव्हतं आणि स्टेशन डायरीत मी ते लिहिलं नाही.

"तात्या, चावता का?"

"मी? मी काय चोर हाय व्हय?"

"मग भीती कसली?"

त्यांनी चावले, कागदावर थुंकले. कोरडं पीठ पडलं.

"तात्या, देवीचा कौल आला की!" हवालदार म्हणाला. मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. तात्या कागदाकडे बघत राहिले.

"देवळाची चावी कुणाकुणाकडे असते?" मी विचारलं.

"तिच्याकडं. आन्... माझ्या पुतण्याकडं."

"त्याला तांदूळ दिले होते?"

तात्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मग हळूच म्हणाले, "घरचा हाय म्हणून न्हाई दिला."

त्याच दुपारी पुतण्याची चौकशी केली. तासभर त्याने उडवाउडवी केली, मग चोरी कबूल केली. शेजारच्या तालुक्यातल्या एका सराफाकडून मुखवटा पंचनामा करून हस्तगत केला. चावीबद्दलच्या जबाबावर तात्यांनी सही केली. गाव सोडण्याचा हुकूमही त्यांनी स्वतः सर्वांसमोर मागे घेतला.

तेव्हा मुलांनो, जुन्या लोकांना हसू नका. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, ठाणं नव्हतं, आणि भांडण चिघळू न देता मिटवायचं होतं. पण कायदा किती कडक होता एवढंच पाहू नका. परीक्षेला कुणाला बसवलं आणि कुणाला वगळलं, तेही विचारा. वादविवादात हे सांगितल्याने तुमची बाजू लंगडी पडली तर पडू द्या.

आणि माझंही सांगते. त्या दिवसापर्यंत चौकशीत कुणाचे ओठ सुकले की मला तोच गुन्हेगार वाटायचा. पुढे निवृत्त होईपर्यंत मी समोरच्याला आधी पाणी दिलं, मग प्रश्न विचारला.

गावची बैठक अजून भरते, बांधाची भांडणं तिथेच मिटतात. तांदूळ आता कुणाला देत नाहीत. ती बाई अजून देऊळ झाडते. दोन घरं मात्र आजही तिच्या हातचा चहा घेत नाहीत.