छत्रीच्या काड्यांचा रूळ

"ठैर, आधी रूळ बगू." खेळण्यातली गाडी सोडायच्या आधी चाचा ह्येच म्हनायचे, अन् ओट्यावर आडवं होऊन रुळाला कान लावायचे. तुमाला हसू येईल. मलाबी यायचं.

घाटनांदूरला आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. एकटेच. सारी नोकरी रेल्वेत गेलती, हातोडा घेऊन रूळ तपासत चालायची. पुण्याला असलेल्या त्यांच्या पोरानं ही गाडी धाडली, संगं प्लास्टिकचे तयार रूळबी. ते डब्यातच ऱ्हायले. चाचांनी जुन्या छत्र्यांच्या काड्या आनल्या, बाभळीच्या पट्ट्या तासल्या, बारीक खिळे ठोकून आपला रूळ केला.

"तयार हाय की चाचा, कशाला मरता?"

"तयार रुळाला मानूस लागत न्हाई बेटी. मंग मी काय करू?"

माजी पोरगी तवा रांगायची. नवरा टेम्पोवर, चार-चार रोज घरी न्हाई. पान्याला गेले की तिला चाचापाशीच ठेवायची, दुसरं कोन हाय? पन जीव थाऱ्यावर नसायचा. पोरगी दिसंल ते तोंडात घालायची, अन् खिळे तर जिऱ्याएवढे. दवाखाना म्हंजे पार अंबाजोगाई.

एक दिवस हंडा घेऊन आले तर रुळाचा एक खिळा न्हाई. मी पोरगी उलटी केली, पाठीत धपाधप मारलं, तोंडात बोट घातलं, ती रडून लालबुंद. चाचा गुडघ्यावर सारा ओटा चाचपत व्हते. खिळा त्यांच्याच चपलेत रुतलेला निघाला. मी तितंच बसले. चाचांनी तो चपलेतून उपटून खिशात टाकला.

"उद्या आन तिला," एवढंच म्हनले. "भिऊ नको."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर प्लास्टिकचा रूळ. गाडी लई गुमान पळायची. चाचा कान लावायचे न्हाईत, नुस्ते बसायचे. पोरगी गाडी सोडून त्यांच्याच तोंडाकडं बगायची. मला वाटलं, सुटले बाई.

थंडीत ते वारले. कुलूप लावताना त्यांच्या पोरानं एक गठुडं हातात दिलं. "अब्बा म्हनले हुते, तुमच्या पोरीला द्या."

सोडलं तर छत्रीच्या काड्यांचा रूळ. सारे खिळे उपटलेले. त्यांच्या जागी दोऱ्याच्या बारीक गाठी, मेन लावून घट्ट केलेल्या. निम्म्यापस्तोर. पुढचं सारं सुटं.

आता पोरगी निजली की उरलेलं मी बांधते. हात भरून येतात, दोरा सैल पडतो. सकाळी गाडी चाचांच्या गाठींवरून नीट जाती, माजं सुरू झालं की पडती. पोरगी हसत न्हाई. आडवी होती, रुळाला कान लावती, अन् मलाच बोबडं म्हनती, "थैल."

मंग मी गाठ सोडून पुन्यांदा बांधते.