वीस शब्दांपुरते पैसे

किल्लीबाईच्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण त्या जिभेनं सख्ख्या धाकट्या भावाला तुरुंगात धाडलं, तेही त्याचं कौतुक करता करता, हे ऐकून लोक आधी खो खो हसत आणि मग गप्प होत.

झालं असं. एक फौजदार उघडलेलं कुलूप घेऊन तिच्या कुलूप-किल्ल्यांच्या दुकानात आला. म्हणाला, "बाई, सराफाच्या तिजोरीचं आहे. कसं उघडलं असेल?" तिनं भिंग लावलं, कुलूप कानाशी धरून हलवलं आणि एकदम खुलली. "अगंबाई! एक ओरखडा नाही हो! हे आमच्या धाकट्याशिवाय कुणाच्या बापाला जमायचं नाही!" फौजदार वहीत लिहून घेऊ लागला, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

धाकट्याला चार वर्षांची शिक्षा झाली. त्याला लहानाचा मोठा तिनंच केला होता, कानस धरायलाही तिनंच शिकवलं होतं. चोरी केली म्हणून तिला राग होताच. पण ताईनं चहाडी केली असं तो धरून बसला, हे तिला आतून खात होतं. भेटीच्या यादीत तो तिचं नाव घालू देईना. पत्रं न फोडता परत. एक नाही, दोन नाही, सतरा पत्रं!

मग तिला तुरुंगाचा एक नियम सापडला. कैद्याच्या नावे पैसे भरले, की फॉर्मवर वीस शब्दांचा निरोप लिहिता येतो. कैद्याची सही घेण्याआधी कारकुनाला तो मोठ्यानं वाचून दाखवावाच लागतो, आणि सही केलेली पावती घरी येते. साबण-विडीचे पैसे कोण नाकारतो? "आता कान कुठे लपवशील रे?" असं म्हणत ती कामाला लागली.

एका दिवशी तिनं दहा फॉर्म भरले, प्रत्येकी कमीत कमी रकमेचे. खिडकीतला माणूस वैतागला. "बाई, सगळे एकदम भरा की!"

"एकदम भरले तर वीसच शब्द जातील. मला दोनशे बोलायचंय."

एक निरोप 'तर मी फौजदाराला म्हटलं की' इथेच तुटायचा. पुढचं ऐकायला सगळी बराक कारकुनाभोवती गोळा व्हायची म्हणे. धाकटा मात्र हूं की चूं करीत नसे. नऊ महिने नुसत्या कोरड्या सह्या आल्या. तिनं समजावलं, रागावली, माफीही मागितली. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना.

शेवटी तिनं ठेवणीतलं हत्यार काढलं. लिहिलं: 'बाबांच्या वेळचं पितळी कुलूप आज मी पाच मिनिटांत उघडलं. उगीच तुझं कौतुक केलं. तुझा हात पहिल्यापासून जरा जडच होता, बाळा.'

शुद्ध थाप! ते कुलूप महिनाभर तिच्यापुढे ढिम्म बसलं होतं. बाराव्या वर्षी ते उघडलं होतं धाकट्यानं, तिला आजवर साधलं नव्हतं.

आठव्या दिवशी पावती आली. सहीखाली मुंगीएवढ्या अक्षरांत कडेपर्यंत मजकूर ठासला होता, पण बहुतेक सगळ्यावर कारकुनानं काळी शाई फासली होती. कुलूप उघडायची रीत तुरुंगातून बाहेर कशी जाऊ देणार? शाईतून दोनच तुकडे वाचले होते. वर, 'साफ खोटं!' आणि तळाशी, 'यादीत नाव घातलंय. शनिवारी ये ताई, तोंडी सांगतो.'

किल्लीबाई पदर तोंडाला लावून हमसाहमशी रडली. शेजारचा चांभार धावत आला. "अहो, काय झालं?"

"धाकट्यानं मला खोटारडी म्हटलं हो!" असं म्हणत, डोळे पुसत, ती पावती गल्लीभर दाखवत सुटली.