पाणी चढलं की आक्का यायची

पूर यावा असं कुणी म्हणतं का? मी म्हणायचे. मनातल्या मनात, पण म्हणायचे. कारण पाणी चढलं की आक्का यायची.

आक्का माझी थोरली बहीण. तिचं गाव नदीला लागून, आमचं घर कोल्हापुरात, उंचावर. मागच्या दोन्ही मोठ्या पुरांत ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली. सोबत म्हैस, गाठोडी आणि तोंडाचा पट्टा. आठ-आठ दिवस आम्ही एका अंथरुणात झोपलो, चहात साखर किती यावरून भांडलो. पाणी उतरलं की ती त्याच दिवशी निघायची. "घर चिखलानं भरलंय, थांबून कसं भागंल?" म्हणायची. मी कोपऱ्यापर्यंत जायचे आणि रुसून परत यायचे. माझे मालक गेल्यापासून तर ते आठ दिवस मी पुरवून पुरवून खाल्ले.

यंदा सोमवारी पावसानं धरलं. मंगळवारी बंधारे बुडाले. बुधवारी तिकडची एसटी बंद झाली, दूधवाला आला नाही, मंडईत कोथिंबीर सोन्याच्या मोलानं. सगळं कोल्हापूर एकमेकाला "किती फूट झालं?" विचारत होतं आणि मी मेली घरामागं परड्यात म्हशीचा खुंटा ठोकत होते. शेजारणीच्या हातापाया पडून वैरणीचे दोन भारे आणवले. गुरुवारी पाण्यानं इशारा पातळी ओलांडली. शेजारीण म्हणाली, "देवा, वाचव रं बाबा!" मीही हात जोडले, पण माझ्या तोंडातून 'वाचव' निघेना. लाज वाटली, तरी निघेना.

शुक्रवारी सकाळी मीच फोन लावला. "आक्का, कवा निघतीस?"

"आता कशाला? पोरानं खांबावर घर बांधलंय की. म्हैस बी इकली. पाणी आलं तर आमी वर बसतोय."

"आत्ता गं बया! आणि वैरण आणून ठेवलीया ती काय मी खाऊ?"

ती हसली. मला हसू येईना. माझं डोकंच फिरलं. "गरज सरो, वैद्य मरो! घर झालं, आता बहीण कशाला लागतीया?"

ती हळू बोलली, आणि हळू बोलायची तिला अजिबात सवय नाही. "माझ्या दारात गुडघाभर चिखल असायचा. खराटा घिऊन तू एकदा तरी आलतीस काय?"

मी फोन ठेवला. नव्हते गेले. एकदाही नाही. तिला वाटेला लावून मी इथं रुसून बसायचे आणि ती तिकडं घमेल्यानं चिखल उपसायची. मला आठ दिवस तिचा सहवास मिळायचा तेव्हा तिचा संसार पाण्याखाली असायचा, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी तिकडं बघितलंच नव्हतं. परड्यात त्या रिकाम्या खुंट्यापाशी बसून मी ढसाढसा रडले.

शनिवारी उघडीप पडली. रविवारी दुपारी रस्ता सुरू झाला आणि पहिल्याच एसटीनं मी निघाले. हातात नवा खराटा. कंडक्टर म्हणाला, "मावशी, खराट्याचं अर्धं तिकीट काढू काय?" मी म्हटलं, "काढ की, तुझ्या डोक्यात बी घालते!" सगळी गाडी हसली. मला मात्र कधी एकदा पोचते असं झालं होतं. वाटेत मी मनात मांडे खात होते, मी लोटणार, आक्का पाणी ओतणार, पुन्हा साखरेवरून भांडण.

पाणी वेशीवरनंच माघारी फिरलं होतं. आक्काचं नवं घर कोरडं ठणठणीत. फरशीवर झाडायला कणभर माती नव्हती.

आक्का जिना उतरून आली. तिनं आधी खराट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आता आणलास व्हय?" म्हणाली, आणि माझ्या हातातून घेऊन तो दाराआड उभा करून ठेवला.