खिशातला खिळा

मालेगावात रेडिओच्या बॅटऱ्या चार्ज करून देणारे एक मिस्त्री होते. पाणी समोर आलं की ते खिशातून घासून लख्ख केलेला खिळा काढायचे, पाण्यात बुडवायचे, शंभरपर्यंत मोजायचे आणि मगच प्यायचे. "पान्यात तांबं असलं का ते लोखंडावर चढते, भाऊ," असं ते सांगायचे. मी भर बाजारात त्यांची नक्कल करून टाळ्या घ्यायचो.

एका मे महिन्यात आसेगावच्या लग्नात माझा जीव तहानेनं कासावीस झाला होता. अंगणातल्या रांजणातून गडवा भरून ओठाला लावणार, तोच लग्नाला आलेल्या मिस्त्रींनी तो हिसकून घेतला. मी कुरकुरत राहिलो आणि ते मोजत राहिले. खिळा वर आला तो तांबडा होऊन. ज्वारीच्या बियाण्याला काणी रोग लागू नये म्हणून त्या रांजणात तांब्यापासून बनणारा मोरचूद भिजवला होता, आणि कुणीतरी त्या विषावरच विहिरीचं पाणी ओतलं होतं.

मिस्त्रींनी मोठा दगड उचलला.

"अवो मिस्त्री, हे काय करून राह्यले? वऱ्हाड उभं हाये मांडवात!" नवरीचे काका ओरडले.

"ते उभंच राहावं म्हनून," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी रांजण फोडला.

वाजंत्र्यांना वाटलं, मुहूर्ताचा बार उडाला. ताशे कडाडले, भटजींनी उरलेली मंगलाष्टकं गिळली आणि लोकांनी घाईघाईनं नवरा-नवरीवर अक्षता टाकल्या.

माझ्या वाटच्या अक्षता मी मिस्त्रींच्या डोक्यावर टाकल्या.