हद्दीपलीकडची बांडी गाय

माझं माहेर निजामाच्या मोगलाईत आणि सासर वऱ्हाडात. मधे एक उथळ नदी आणि करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. दोन्हीकडच्या म्हशी त्या नदीत खुशाल डुंबायच्या, त्यांना कोणी विचारत नव्हतं. माणसांना मात्र गाठोडं सोडून दाखवावं लागायचं. आमचे हे दुसरबीडच्या बाजूला ढोरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. माणूस नाकासमोर चालणारा, आणि अंगानं इतका हडकुळा की लग्नातच माझ्या मावश्यांनी ह्यांचं नाव ‘काडीपैलवान’ पाडलं होतं.

एका उन्हाळ्यात सकाळी सकाळी माझा धाकटा भाऊ बैलांची धमणी हाकत दारात आला. बांडी अडली होती. बांडी म्हणजे माझी गाय. तिची आई व्याल्याबरोबर मेली, तेव्हा मी परकरी पोर होते. दुधात चिंधी भिजवून तिच्या तोंडात पिळायची आणि रात्री तिच्याच शेजारी निजायचा हट्ट धरायची. आता ती आदल्या दिवशीपासून कळा देत होती आणि वासराचा एकच पाय बाहेर आला होता. गावातल्या जाणत्यांनी हात टेकले, असं भाऊ म्हणाला. ऐकलं आणि मी ह्यांची औषधांची पेटी उचलून धमणीत ठेवली.

ह्यांनी ती काढून परत फळीवर ठेवली. पेटी सरकारची, वऱ्हाडातल्या ढोरांसाठी दिलेली, ती हद्दीपलीकडे जाणार नाही. सुट्टीचा दिवस होता म्हणून स्वतः तेवढे निघाले, घरातला साबण, गोडं तेल आणि सुती दोऱ्या घेऊन. तेवढ्यावरच मी तापले होते. पण खरा कहर पुढंच होता. नाका ओलांडला, माहेरचा फाटा आला, आणि हे भावाला म्हणाले की धमणी सरळ घे, आधी सलोत्र्यांकडे जायचं. मोगलाईत ढोरांच्या डॉक्टराला सलोत्री म्हणत. त्या भागातले सलोत्री पुढच्या गावी राहायचे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो, गाय तिकडं मरायली अन् तुम्ही कुठं निघाले?”

“त्याच्या हद्दीतल्या ढोराले त्यानं बोलावल्याबिगर मी हात लावत नाही,” हे म्हणाले. “मी आज येईन अन् चालला जाईन. इथल्या ढोरांजवळ रोज तोच हाये.”

डॉक्टरकीच्या शिक्षणात म्हणे हा नियम शिकवतात. मी म्हटलं, चुलीत घाला तो नियम. भाऊ बिचारा काय बोलणार, दाजींपुढं तोंड उघडायची सोय नाही. तो मुकाट बैल हाकत राहिला. मी पदराआड रडले, आणि रडता रडता भांडले. हे समोरच्या रस्त्याकडं बघत बसून होते.

सलोत्री म्हातारे होते, चांगले जाडजूड, दाढीला मेंदी लावलेले. आमच्या घरून त्यांना निरोपसुद्धा गेला नव्हता. जावई डॉक्टर असताना परका कशाला, हा आमच्या आबांचा, माझ्या वडलांचा विचार. त्याचा त्यांनी राग धरला नाही. ह्यांनी सगळं सांगून परवानगी विचारली तोवर त्यांचे जोडे पायात होते. आता चला, एवढंच म्हणाले आणि धमणीत येऊन बसले.

बांडी गोठ्यात मान टाकून पडली होती. मी हाक मारली तसा तिचा कान हलला. देवा, तो कान मी अजून विसरले नाही. सलोत्र्यांनी हाताला तेल लावून तो आत घातला आणि सांगितलं की वासराची मान मागं वळलीय, ती पुढं आणल्याशिवाय सुटका नाही. पण त्यांचा दंड जाड, कोपराच्या वर जाईना. त्यांनी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी सदरा काढायला घेतला, आणि आबा आडवे आले.

लोकांचा जावई दहावा ग्रह असतो, आमच्या आबांचा देव्हाऱ्यातला देव होता. लग्नात ह्यांचे पाय त्यांनी धुतले, तेव्हापासून त्या घरात ह्यांना स्वतःच्या हातानं तांब्या उचलू दिला नव्हता. आणि आता हे अख्ख्या गावादेखत गाईच्या पोटात हात घालणार? “जावई गोठ्यात राबवला म्हणतील,” आबा म्हणाले. “गाय गेली तरी चालंल.”

आबांचा शब्द एकदा बाहेर पडला की परत जात नसे. मी त्यांचे पाय धरले, तरी ते हलले नाहीत. तिकडं आई घरातून सारखा निरोप धाडत होती की जावईबापूंनी हातपाय धुवावेत, पानं वाढलीत. ह्यांचा नियम परवडला, पण आमच्या घरचा हा कायदा नको, असं मला झालं.

सलोत्री हात पुसत शांतपणे बोलले. “पाटील, यहां कोई जमाई नहीं है. ये मेरे बुलाए हुए डॉक्टर हैं.”

 आबा बाजूला सरकले. फाट्यावरून आम्ही थेट घरी आलो असतो, तर त्या गोठ्यात नुसता जावईच उभा असता. हे मला तेव्हा कळलं आणि माझी मीच वरमले.

हे पेंढ्यावर पालथे पडले. तो काडीसारखा हात पार खांद्यापर्यंत आत गेला. दोरी वासराच्या जबड्याला बसली, ह्यांनी सांगितलं की सलोत्री ओढायचे, थांब म्हटलं की थांबायचे. बऱ्याच वेळानं वासरू आलं. कालवड होती. मेलेली. बांडी मात्र वाचली. थोड्या वेळानं तिनं मान उचलली आणि मी तिच्या गळ्यात पडून रडले.

हे उठून उभे राहिले. कोणी विचारलं नव्हतं, तरी आबांना म्हणाले, “फाट्यावरून थेट इकडे आलो असतो तर वासरूही वाचलं असतं कदाचित.”

 भावानं उचललेला तांब्या आबांनी त्याच्या हातातून काढून घेतला. आधी सलोत्र्यांच्या हातावर पाणी घातलं आणि मग ह्यांच्यापुढं येऊन वाकले.

“लग्नात जावयाचे पाय धुतले,” आबा म्हणाले. “आज डॉक्टरांचे हात धुतो.”

ह्यांनी हात पुढं केला. आबा बोटांनी चोळून चोळून खांद्यापर्यंतचं रक्त धूत राहिले. मागं बांडी उठून उभी राहिली होती आणि आपली मेलेली कालवड चाटत होती.