रिकाम्या चौकटी

मी ज्या गटात आहे, त्यात एकदा सलग दोन आठवडे भांडण चाललं होतं. विषय असा की, मजकुराच्या फाइलच्या अगदी सुरुवातीला काही प्रोग्राम जे तीन न दिसणारे बाइट घालून ठेवतात, ते असावेत की नसावेत. माणसं इरेला पेटली होती. एकाने गट सोडला, चार दिवसांनी परत आला आणि आल्या आल्या त्याच मुद्द्यावर पुन्हा भांडला. तुम्हाला हसू येईल. मला तेव्हा आलं नव्हतं, कारण सगळ्यात जास्त मीच भांडत होतो.

आम्ही कमीत कमीवाले. कॉम्प्युटरवर जेवढं कमी तेवढं बरं, असं मानणारे. लिखाण म्हणजे नुसती अक्षरं. रंग, ठळक टाइप, तक्ते, चौकटी हा सगळा नट्टापट्टा, असं आमचं म्हणणं. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असावा आणि तोही यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांना चालणाऱ्या पद्धतीत, की कुठल्याही मशीनवर, कितीही वर्षांनी उघडेल. महिन्यातून एकदा रविवारी सकाळी आम्ही दादरला एका हॉटेलच्या माडीवर जमायचो आणि एका कॉफीवर दोन-दोन तास टेबल अडवायचो. तिथे एकदा कुणीतरी म्हणालं की, मराठीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, महागडी भाषा आहे तुमची. मी त्याच्यावर एवढा उखडलो की वेटरने येऊन विचारलं, काही पाहिजे का. मराठीचा कैवार घ्यायला मी असा कायम पुढे असायचो. घरात मराठीची एक फाइल होती, तिचं मी काय केलं ते आता सांगतो.

ती फाइल बाबांची. बाबा लालबागच्या एका गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते टायपिंग शिकले आणि भोईवाड्याला कोर्टाजवळ एका टायपिंगवाल्याकडे लागले. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, मधूनच एखादी लग्नपत्रिका. आधी टाइपरायटरवर आणि मग कॉम्प्युटरवर, जुन्या मराठी फॉन्टमध्ये. हे जुने फॉन्ट म्हणजे एक सोंग असतं. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की सगळा कचरा दिसतो. मला त्या फॉन्टचा मनापासून राग होता.

आमची चाळ पाडली आणि तिच्याच जागेवर टॉवर उभा राहिला. चौदाव्या मजल्यावर घर मिळालं आणि बाबा एक काम घेऊन बसले. चाळ कागदावर उतरवायची. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधल्या पॅसेजच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. त्यांनी माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर तक्ता आखला. एक चौकट म्हणजे एक खोली. खोलीचा नंबर लिहायची गरजच नव्हती, जिना कुठे आणि नळ कुठे हे तक्त्यावरून कळायचं. चौकटीत नाव, गाव आणि गिरणीतलं खातं. जो तो आपापल्या जागेवर.

काही चौकटी रिकाम्या होत्या. त्या खोल्यांत आधी कोण राहायचं ते बाबांना आठवत नव्हतं. मग ते गावी फोन लावायचे. देवगडला, मालवणला, कणकवलीला कुणाकुणाला गाठायचे. "तुमच्या भिंतीपलीकडे कोण होता रे, तो रात्रपाळीवाला?" असं चालायचं अर्धा-अर्धा तास. आठवड्याला एखादी चौकट भरायची. त्या दिवशी ते जेवताना दोन घास जास्त जेवायचे, असं आई म्हणायची. शेवटी अकरा उरल्या होत्या. आणि बारावी आमची. तिसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून आमची खोली, ती चौकटही कोरीच होती. मी विचारलं, "आपलं नाव नाही घातलं?" बाबा म्हणाले, "ती कित्याक लिवची? ती मी विसारतलंय काय?"

एका रविवारी मी मीटिंगहून आलो तो डोक्यात वारं भरूनच. बाबांचा कॉम्प्युटर रडत-रखडत चालत होता. मी सगळं पुसून त्यावर एक आटोपशीर सिस्टिम बसवली, लिहायला माझाच आवडता एडिटर दिला, माझ्या सगळ्या सेटिंगांसकट. बाबांची बोटं टाइपरायटरला सरावलेली, म्हणून कीबोर्ड मात्र तसाच ठेवला. एवढी माया दाखवली. आणि त्यांच्या तक्त्यासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. जुन्या फॉन्टमधलं एकेक चिन्ह ओळखून त्याचं खरं मराठी अक्षर करायचं, तक्ता मोडायचा, एका ओळीवर एक नाव ठेवायचं आणि रिकामं असेल ते गाळायचं. दुपारभर खपलो. एक नाव चुकलं नाही, हे मी दोनदा तपासलं. मग मूळ फाइल काढून टाकली, पेनड्राइव्हवरचीसुद्धा. एका गोष्टीच्या दोन प्रती ठेवायच्या नाहीत, हा आमच्या गटातला आवडता नियम. आई मागे म्हणाली होती की ते एकदा छापून आणा. कागद कशाला फुकट घालवायचा, हेही मीच तिला सांगितलं होतं.

बाबांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "सगळी नावां इली मा?"

"सगळी."

"आणि रिकामी होती ती खंय गेली?"

"रिकामी कशाला ठेवायची, बाबा? त्यात काहीच नव्हतं."

ते बोट लावून यादी पुन्हा वरपासून पाहू लागले. मला ती संमती वाटली.

संध्याकाळी मी गटावर लिहिलं. घरचाच दाखला दिला. एक अख्खी चाळ बंदिस्त फॉन्टमधून आणि फुगलेल्या फाइलमधून सोडवली, आता ती एका चिमूटभर टेक्स्ट फाइलमध्ये राहते, असं काहीतरी. लोकांनी खूप वाहवा केली. गटात एक बाई आहेत, माझ्याहून वयाने मोठ्या, ग्रंथालयात काम करतात. त्यांनी एवढंच विचारलं, "रिकाम्या चौकटींचं काय केलंत?" मी उत्तर दिलं की, शून्य माहितीला शून्य बाइट. त्यावर बरेच हसले. त्या बाई पुन्हा काही बोलल्या नाहीत आणि मी वाद जिंकलो, असं धरून चाललो.

मी राहतो बोरिवलीला, बायको-मुलीसह. आठवड्यातून एकदा लालबागला जातो. पुढच्या काही महिन्यांत आई अधूनमधून सांगायची की, बाबा हल्ली विसरतात. काय विसरतात, विचारलं तर म्हणायची, "काल केलेलं आज नसतं म्हणतात. रोज दुपारी बसतात तुझ्या त्या काळ्या पडद्यासमोर, तास-दीड तास. दुसऱ्या दिवशी म्हणतात, मी काल केलं होतं ना गं? नाय केलं असेल. मग पुन्हा करतात." मी म्हटलं, वय झालं. पंच्याहत्तरीच्या माणसाला एवढं होणारच. मी चहा प्यायलो आणि निघालो.

नंतर नंतर त्यांनी फोन लावणं बंद केलं. आईने विचारलं तर म्हणाले, "माझांच खरां नाय, दुसऱ्याक काय इचारू?" मग आईनेच हट्ट धरला आणि परळला डॉक्टरांना दाखवून आलो. डॉक्टर म्हणाले, विसरणं सुरू झालंय, गोळ्या देतो, त्यांना कामात गुंतवून ठेवा. त्या दिवशी मला वाटलं, त्यांची ती फाइल तरी बघू, काय करतात रोज ते.

फाइल उघडली. नुसती नावांची यादी, मी दिली होती तशीच. आईने सांगितलं ते खरं वाटलं. बाबा शेजारी होते, मी म्हटलं, "तुम्ही काय करता ते मला करून दाखवा." त्यांनी यादीच्या सुरुवातीला जाऊन बोटाने पडद्यावर ओळी मोजल्या. एक, दोन, तीन, चार. मग एंटर दाबून एक ओळ मोकळी सोडली. पुन्हा मोजलं. पुन्हा एक मोकळी. एका खोलीला एक ओळ, आणि रिकाम्या खोलीला रिकामी ओळ. तक्ता नसताना, चौकटी नसताना, नुसत्या ओळींत चाळ पुन्हा उभी करायची ही तोड त्यांची त्यांनी काढली होती. माझ्या गटात बसून सुचली नसती इतकी साधी. जिन्यापासून कितवी ओळ, एवढं मोजलं की खोली सापडली. तासाभराने त्यांनी एडिटरची खिडकी बंद केली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी फाइल पुन्हा उघडली. मोकळ्या ओळी नव्हत्या.

मला कळायला क्षणही लागला नाही, कारण ती सेटिंग माझीच होती. खिडकी बंद करताना फाइल आपोआप सेव्ह करायची, आणि सेव्ह करताना जास्तीच्या मोकळ्या जागा आणि रिकाम्या ओळी काढून टाकायच्या. स्वच्छतेसाठी. माझ्या सगळ्या मशीनवर ती असते. बाबा रोज दुपारी खोल्या मोजून जागा सोडत होते आणि माझा एडिटर रोज ती जागा खात होता. दुसऱ्या दिवशी त्यांना दिसायचं, आपण कालचं केलेलंच नाही. कॉम्प्युटर चुकेल, असं त्यांच्या मनातही आलं नसेल, कारण तो मी लावून दिलेला होता. म्हणून त्यांनी स्वतःवरचाच विश्वास काढून घेतला.

डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, असल्या गोष्टीने हा आजार होत नाही, मनाला लावून घेऊ नका. होत नसेल. पण जे महिने त्यांना आठवत होतं, त्या महिन्यांत मी त्यांना पटवून दिलं की तुम्हाला आठवत नाही. अकरा फोन करायचे बाकी होते, ते झाले नाहीत. त्यातला एक देवगडचा माणूस आता फोनवर यायलाही उरलेला नाही. हे कुणाच्या माथी मारू? मला रात्रीची झोप लागते, जेवण जातं, ऑफिसात मी हसतो-खिदळतो, आणि याचीही मला लाज वाटते.

बाबांना मी सांगितलं. समोर बसून, हात धरून सांगितलं की, बाबा, तुम्ही विसरला नव्हता, तो माझा प्रोग्राम पुसत होता. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "अरे, मगे आधी सांगूचां." आणि मोकळं हसले. चार दिवसांनी त्यांनी आईला पुन्हा तेच विचारलं, काल केलं होतं ना गं. मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळीही त्यांना ते नवीनच होतं.

गटावर मी काही लिहिलं नाही. माझी ती फुशारकी अजून तिथे आहे, खाली लोकांच्या शाबासक्यांसकट. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा खोडलं. शेवटी फक्त ग्रंथालयातल्या त्या बाईंना कळवलं की, तुम्ही विचारलं होतं ते बरोबर होतं. त्यांचं लगेच उत्तर आलं, "मूळ फाइल ठेवली आहे ना?" त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आता दर रविवारी मी मीटिंगला न जाता लालबागला जातो. जुन्या कॅलेंडरची मोठी पानं उलटी करून जोडली, फूटपट्टी घेतली आणि पेनाने चौकटी आखल्या. चार मजले, मध्ये पॅसेज, टोकाला नळ, इकडे जिना. बाबा शेजारी बसतात, बोट ठेवतात आणि नाव सांगतात. कधी एका रविवारी आठ सांगतात, कधी एकही नाही. कधी एकाच माणसाला दोन मजल्यांवर ठेवतात. मी दोन्हीकडे लिहितो. काही खोडत नाही.

गेल्या रविवारी तिसरा मजला घेतला होता. बाबा नळाच्या बाजूने सुरू झाले आणि भराभर सांगत आले. भजनात पेटी वाजवणारा, मग सावंतवाडीचे दोघे भाऊ, मग साचेखात्यातला, मागावर काम करणारा तो लांबट माणूस. मला बरं वाटत होतं. जिन्याला लागून असलेल्या शेवटच्या चौकटीपाशी त्यांचं बोट थांबलं. मला वाटलं, आता हसतील, म्हणतील, ती कित्याक लिवची.

"हयसर कोण रवायचो रे?" त्यांनी मला विचारलं.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, ती दारातच थांबली.

"आपण, बाबा," मी म्हटलं. "आपण राहायचो."

त्यांनी चौकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मगे लिवन ठेव," ते म्हणाले. "लिवचां ऱ्हवलां तर जातलां."

मी लिहिलं.